मोजदाद आणि मदत : १९४८ व १९९३ चा उस्मानाबाद जिल्हा

धाराशिव जिल्ह्यातल्या वयोवृद्ध माणसांशी जुन्या दिवसांविषयी बोलू लागले की सनावळी फारशी उपयोगी पडत नाही. कुणाचा जन्म ‘रझाकारात’ झालेला असतो, कुणाचे लग्न ‘बहात्तरच्या दुष्काळात’, आणि कुणाचे घर ‘भूकंपात’ गेलेले असते. बोलीतली ही कालगणना संकटांची आहे. मात्र या तीन संकटांत एक भेद आहे आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. बहात्तरच्या दुष्काळाचे नाव निघाले की दुष्काळी कामांची आणि पुढे आलेल्या रोजगार हमीची आठवण निघते. भूकंपाचे नाव निघाले की पत्र्याची तात्पुरती घरे, देणग्या, नवी गावठाणे असे सारे ओघाने येते. ‘रझाकारात’ या शब्दामागे मात्र मदतीची अशी कोणतीही आठवण येत नाही. तेथे येते ती फक्त पळापळ. असे का झाले असावे, याचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

युद्धग्रस्त प्रदेशातील मदतकार्य म्हटले की अफगाणिस्तान, कंबोडिया, अंगोला ही नावे आपल्या डोळ्यांपुढे येतात. निर्वासितांच्या छावण्या, शिधावाटप, सुरुंग शोधणारी पथके ही सारी परमुलखातली दृश्ये वाटतात. परंतु सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या ज्या रस्त्याने आपण नळदुर्ग, जळकोट, उमरगा ओलांडतो, तो १९४८ च्या सप्टेंबरात रणगाड्यांचा रस्ता होता.

पार्श्वभूमी परिचित आहे, तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला, पण संस्थानात शांतता आली नाही. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने खंडणी, लूट, जाळपोळ आणि खून यांचे सत्र आरंभिले. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड आजही त्या भागात विसरले गेलेले नाही. रझाकारांना विरोध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये खून झाला. तेव्हा हा तंटा निव्वळ दोन धर्मांचा नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. उस्मानाबाद जिल्हा मुंबई प्रांताला लागून असल्याने इथल्या गावांतून बार्शी आणि सोलापूरकडे कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. त्याच सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कृती समितीची केंद्रे उभी राहिली. तिथून करोडगिरी नाक्यांवर आणि निजामी ठाण्यांवर सशस्त्र हल्ले होत. सरहद्दीच्या एकाच पट्ट्यात निर्वासितही होते आणि लढणारेही होते. मदत आणि लढा यांची अशी सरमिसळ होते, तेव्हा मदत मागणाऱ्याकडे पाहण्याची नजरही बदलते. तो कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न त्याच्या भुकेआधी विचारला जाऊ लागतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरकडून आली, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल तिच्या हाती आला. तुळजापुरात हैदराबादी पायदळाने आणि रझाकारांनी काही काळ प्रतिकार केला. पुढे जहीराबादच्या वाटेवर १६ तारखेला एका तुकडीला सुरुंग पेरलेला पट्टा आडवा आला, आणि तो साफ होईपर्यंत तिला थांबावे लागले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला शरणागतीचा विधी झाला.

रणगाडे, विमाने, सुरुंग, शरणागती असे सारे घडले, तरी या घटनेचे अधिकृत नाव ‘पोलीस ॲक्शन’ असेच राहिले. या नावामागची राजकीय निकड समजण्यासारखी आहे. हैदराबादचा प्रश्न तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपर्यंत पोहोचला होता, आणि हा देशांतर्गत मामला आहे ही भारताची भूमिका होती. परंतु भाषेचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या नावाचा दुसरा परिणामही दिसतो. युद्ध म्हटले की युद्धग्रस्त आले, निर्वासित आले, त्यांच्याविषयीची बांधिलकी आली. पोलिसी कारवाईत ही माणसे कुठे बसवायची? तिच्यात गुन्हेगार असतात आणि सुटका झालेले असतात. या दोन्हींत न बसणाऱ्यांना शब्दच उरत नाही.

आणि अशी माणसे थोडीथोडकी नव्हती. निजामाची सत्ता कोसळल्यानंतरच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतून मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांची हकीगत कळावी म्हणून केंद्र सरकारने एक सदिच्छा मंडळ हैदराबादेत पाठवले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते आणि काझी अब्दुल गफ्फार त्यांच्यासोबत होते. साहित्याच्या अभ्यासकांना ही दोन्ही नावे परकी नसावीत. सुंदरलाल हे ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या ग्रंथाचे कर्ते, आणि तो ग्रंथ इंग्रज सरकारने जप्त केला होता. काझीसाहेब ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संस्थापक आणि ‘लैला के खुतूत’चे लेखक.

हे मंडळ १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरात सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सात जिल्हा ठाणी, २१ शहरे आणि २३ मोठी गावे त्याने पाहिली. जिथे जाणे झाले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या. सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे म्हणून अहवालाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे दिली. या चार जिल्ह्यांत मिळून कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या १८ हजारांहून कमी नसावी, असे मंडळाचे म्हणणे होते. संपूर्ण संस्थानासाठी त्याने २७ ते ४० हजार असा अंदाज दिला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले मंडळाला आढळले. हजारावर मारले गेले होते, आणि बाकीचे केवळ जीव घेऊन पळाले होते. घरे आणि जमिनी बळकावल्याच्या, स्त्रियांना पळवून नेल्याच्या, सक्तीच्या धर्मांतराच्या हकीगतीही मंडळाने लिहून ठेवल्या. या कृत्यांत काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असेही त्यात म्हटले आहे. हे आकडे त्या काळीही वादग्रस्त ठरले. सरदार पटेलांनी मंडळाची भूमिकाच अमान्य केली, आणि पुढच्या अभ्यासकांतही संख्येविषयी एकमत नाही. ते काही असले तरी, आमच्या दृष्टीने या अहवालाचे मोल आकड्यांइतकेच त्याच्या पद्धतीत आहे.

आज सुरुंगनिवारणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था कोणत्याही प्रदेशात गेल्या की यंत्रे लावण्याआधी गावकऱ्यांना विचारत फिरतात. गुरे कुठे मेली, कोणत्या वाटेने माणसे जायची थांबली, कोणते शेत पेरले जात नाही, हे विचारून नकाशा तयार होतो. जमिनीत सुरुंग नसला तरी संशय पुरेसा असतो, शेत पडीकच राहते. म्हणून जमीन साफ झाली की ती साफ आहे हे कागदावर लिहून, गावासमोर सांगून, मालकाच्या ताब्यात द्यावी लागते. सुरुंग काढण्याइतकेच हे सांगणेही त्या कामाचा भाग असते, कारण त्याशिवाय माणूस परतत नाही. सुंदरलाल मंडळाची भटकंती ही या कामाच्या पहिल्या पायरीसारखीच होती. पुढची पायरी, म्हणजे जे आढळले ते गावासमोर सांगणे, ही मात्र झाली नाही. अहवाल सरकारला सादर झाला, पण प्रसिद्ध झाला नाही. ज्याचा ग्रंथ परकी सरकारने जप्त केला, त्याचा अहवाल स्वकीय सरकारने कपाटात ठेवला. त्यातील भाग २००१ मध्ये ए. जी. नूरानी यांनी छापले, आणि २०१३ मध्ये त्यांच्या हैदराबादवरील ग्रंथात तो परिशिष्ट म्हणून आला. म्हणजे घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ!

ज्याची नोंदच उघड झालेली नाही त्याला मदत कशी पोहोचावी? लष्करी प्रशासनाने व्यवस्था बसवण्याचे काम केले, आणि बार्शी-सोलापूरकडे गेलेले लोक आपापल्या गावी परतू लागले. त्यांची हानी खरी होती, त्यांना परतीचा हक्क होता, आणि त्यांच्या हालअपेष्टांना पुढे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात स्थान मिळाले. पण हैदराबाद शहराकडे पळालेल्या लातूर-उस्मानाबादच्या कुटुंबांचे परतणे हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला नाही.

आता पंचेचाळीस वर्षे पुढे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. उस्मानाबाद जिल्ह्यात सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. यावेळी मोजदाद मात्र तत्काळ झाली. प्रत्येक पडलेल्या घराचा पंचनामा झाला, जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला, आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जिथे घरे दुरुस्त करायची होती तिथे गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरधनी आणि सरकारी अभियंता यांच्यामध्ये त्या दुवा झाल्या.

हे काम निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्यावरच्याला ७५०. भूकंपाने सर्वांची माळवदे सारखीच पाडली होती, मदतीने जुनी उतरंड पुन्हा मोजून मांडली. परंतु हा आक्षेप घेता येतो, तोही मोजणी उघड असल्यामुळेच. निकष छापलेला होता, म्हणून त्यावर भांडता आले. १९४८ च्या पीडिताला भांडण्यासाठी निकषही नव्हता.

भूकंपाला शत्रुपक्ष नसतो, म्हणून तिथे पीडित निर्विवाद असतो. युद्धातला पीडित तसा नसतो, आणि नेमकी हीच अडचण ओलांडण्यासाठी मानवतावादी मदतीची कल्पना जन्माला आली. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमींना आपला-परका न पाहता उचलणाऱ्या स्त्रिया आंरी द्युनाँ यांनी पाहिल्या. त्यांच्या पुस्तकातून रेडक्रॉसची कल्पना पुढे आली. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही निःशस्त्र माणसाला माणुसकीने वागवावे, हे कलम जिनिव्हा करारांत आले ते ऑगस्ट १९४९ मध्ये, म्हणजे नळदुर्गचा पूल ओलांडला गेल्यावर अकरा महिन्यांनी. पण कलम येण्याआधी आचरण येऊ शकते. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे, स्वतःच्या जिवाची किंमत देऊन, रक्षण केल्याची उदाहरणे सुंदरलाल अहवालातच आहेत. पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यास अनेक हिंदूंनी साह्य केल्याचेही त्यात लिहिले आहे. ही माणसे त्या काळातली खरी मदतयंत्रणा होती. अहवाल दडला, तेव्हा त्यांचे श्रेयही त्याच्याबरोबर दडले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

मराठीतील हैदराबादविषयक लेखन विपुल आहे. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांचे लेखन आपण शिकवतो, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी वाचतो. त्यांचा विषय लढा हा आहे, आणि लढ्याचे न्याय्यत्व त्यांनी समर्थपणे मांडले आहे. दुसऱ्या बाजूला, १९४८ मध्ये उस्मानाबादचे जिल्हाधिकारी असलेले आणि नंतर अटक झालेले मोहम्मद हैदर यांचे आत्मकथन इंग्रजीत आहे, तेही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच जिल्ह्याचे हे दोन वृत्तान्त एका वर्गात क्वचितच एकत्र येतात. ते यावेत. रझाकारांचा जुलूम त्याने लहान होत नाही, आणि लढ्याचे महत्त्वही उणावत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगितले होते. एका मुलाने आजीची हकीगत आणली. ती लहानपणी आईबरोबर बार्शीला गेली होती, आणि दोनेक महिन्यांनी परतली. शेजारी एका पिंजाऱ्याचे घर होते. “आमी आलो तवा ती गेलती,” एवढेच आजी म्हणाली. कुठे गेली, असे नातवाने विचारले. आजीला ठाऊक नव्हते. त्या घराला दार उरले नव्हते, इतके तिला आठवत होते. त्या मुलाने वहीत शेजाऱ्यांच्या नावासाठी जागा सोडली होती, आणि ती भरली गेली नव्हती. आम्ही त्याला ती तशीच ठेवायला सांगितले.

१७ सप्टेंबरला दरवर्षी ध्वजवंदन होते, हुतात्म्यांची नावे वाचली जातात. ती वाचलीच पाहिजेत. त्यानंतर वर्गात परतल्यावर त्या कोऱ्या जागेविषयीही बोलता येईल काय, एवढेच आम्ही आमच्या सहकारी शिक्षकांना विचारू इच्छितो.