आठवीनंतर कुठे? नाशिकच्या खेड्यांतील हायस्कूल आणि आभासी शाळा

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. शालेय पोषण आहारही तिथेच थांबतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा त्याही आधी संपते. हायस्कूल मोठ्या गावात आणि एसटीची वेळ शाळेला जुळेलच असे नाही.

अशा वेळी घरी बसून शिकण्याचा पर्याय पुढे येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था (स्थापना १९८९) दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. २०२१ मध्ये तिने आभासी शाळाही सुरू केली. दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि प्रमाणपत्र राज्य मंडळाच्या बरोबरीचे असते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. मजुरीमुळे शाळा सुटलेल्या तरुणाला, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला हा मोठाच आधार आहे.

पण शाळेत जाऊ शकणाऱ्या मुलीसाठी तो पहिला पर्याय म्हणून सुचवला जातो, तेव्हा आम्हाला काळजी वाटते. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम आला. त्याआधीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात पंधराच होती. आता फोन घरोघरी आले हे खरे, पण घरातला एकुलता फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. मुलगी घरी आहे म्हटल्यावर पाणी, धाकटी भावंडं आणि कांद्याची लावणी तिच्याकडेच येते. तास कधी ऐकायचा?

शाळेच्या दाखल्यावर आणखीही बरेच मिळते. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा मोफत पास, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, समाजकल्याण खात्याचे वसतिगृह. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, ते उगीच नव्हे. खेड्यातल्या मुलाची अडचण राहण्या-जेवण्याची होती.

म्हणून कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच आठवी पास झालेल्या मुला-मुलींची यादी करावी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज, पास ही कामे आधी उरकावीत. मुक्त विद्यालयाची नोंदणी ज्यांची शाळा खरोखर सुटली आहे त्यांच्यासाठी. त्यांना संध्याकाळी विहारात बसायला जागा, वीज आणि एखादा चालू फोन मिळाला, तरी अभ्यासाची निम्मी अडचण सुटते.