मंद्र स्वराची मुखत्यारी

वाद्याचा आवाज कसा असावा हे कोणी ठरवावे, हा प्रश्न वाद्ये एकेका कारागिराच्या हातून घडत होती तोवर फारसा कोणाला पडला नव्हता. परंतु वाद्य जेव्हा कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडू लागले आणि त्याचा स्वर लाकडाच्या पोकळीऐवजी चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत, म्हणजे पिकअपात, जन्म घेऊ लागला, तेव्हा ती मुखत्यारी आपसूक कारखानदाराकडे गेली. आणि वादकाने ती त्याच्याकडून कशी परत घेतली, याची हकीकत इलेक्ट्रिक बास गिटारच्या बदली पिकअपांच्या इतिहासात जितकी स्वच्छ वाचता येते तितकी अन्यत्र क्वचितच.

सिॲटलच्या पॉल टटमार्कने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातच विजेवर चालणारी, फ्रेटची, म्हणजे गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली, बास करून विकली होती. पण तो उद्योग फोफावला नाही, म्हणून आरंभ धरायचा तो १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी निघालेल्या लिओ फेंडरच्या ‘प्रिसिजन बास’पासूनच. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. बिघडलेला भाग स्क्रू फिरवून काढावा आणि त्याच जागी दुसरा बसवावा, ही दुरुस्तीच्या दुकानातील वहिवाट त्याने वाद्यनिर्मितीत आणली, आणि असे करताना आपला माल उपटून दुसऱ्याचा घालण्याची सनदच आपण गिऱ्हाइकाच्या हाती देत आहोत, हे बहुधा त्याच्या ध्यानीमनीही नसावे.

त्या पहिल्या पिकअपात वेटोळे एकच होते आणि प्रत्येक तारेखाली चुंबकाचा दंडही एकच. तार नेमकी त्या दंडाच्या माथ्यावर असल्यामुळे छेडताक्षणी उमटणारा आघात इतका तीव्र असे की तत्कालीन लाउडस्पीकरांच्या कागदी पडद्यांना तो सोसवत नसे. शिवाय एकेरी वेटोळे घरच्या विजेची गुणगुणही निमूटपणे उचलून घेई, जी अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि आपल्याकडे ५०. १९५७ साली फेंडरने या दोन्ही दोषांवर एकच तजवीज केली. पिकअपाचे दोन तुकडे करून एक जाड तारांच्या जोडीखाली व दुसरा बारीक तारांच्या जोडीखाली, किंचित मागेपुढे बसवला. दोहोंची वेटोळी आणि चुंबकांची टोके परस्परविरुद्ध ठेवली, जेणेकरून तारांचा स्वर टिकावा आणि बाहेरची गुणगुण मात्र आपसांत फिटून जावी. आणि प्रत्येक तारेला दोन दंड देऊन ती त्यांच्यामधून कंप पावेल अशी व्यवस्था केली, त्यामुळे आघात सौम्य झाला. माझ्या मते बास गिटारच्या इतिहासात याहून चतुर उपाय झाला नाही. पुढे १९६० साली ‘जॅझ बास’ आली, तीत दोन लांबट, एकेरी पिकअपे होती. दोहोंचे आवाज पूर्ण उघडले की गुणगुण मिटते, एकाचा कमी केला की ती पुन्हा कानी येते.

१९६५ साली फेंडरने आपली कंपनी सीबीएस या नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या बड्या धन्याला १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकली, आणि तेव्हापासून माल उतरल्याची ओरड सुरू झाली. ती काही अंशी खरी होती. काही अंशी, धनी बदलला की प्रजेला मागचा अंमल गोड वाटू लागतो तसली होती. खरी असो वा खोटी, तिने एका नव्या धंद्याला जागा करून दिली. १९७२ साली न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने ‘सुपर डिस्टॉर्शन’ हे गिटारचे बदली पिकअप बाजारात आणले, आणि पिकअप हा सुटा विकत घेण्याचा जिन्नस आहे ही कल्पना रूढ झाली. मागोमाग त्याची बासची पिकअपेही निघाली. १९७६ साली सांता बार्बरा येथे सेमूर डंकनची कंपनी उभी राहिली, आणि त्याच वर्षी लाँग बीच येथे रॉब टर्नरने ज्या उद्योगास आरंभ केला तोच पुढे ‘ईएमजी’ या नावाने प्रसिद्धीस आला. पण सर्वांनीच दुकानाची वाट पाहिली असे नव्हे. बफलोच्या बिली शीहानने आपल्या प्रिसिजन बासचे लाकूड कोरून गळ्याशी गिब्सनच्या ईबी-० या बासचे अवजड पिकअप बसवले, आणि दोन पिकअपांचा आवाज दोन स्वतंत्र अँप्लिफायरांना देऊन खर्जाचा गडगडाट व वरचा टणत्कार असे दोन कारभार एकाच वाद्यात चालवले.

बदलण्याचे काम दिसायला सोपे असते. तारा सैल कराव्यात, आवरणाचे स्क्रू काढावेत, पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंटीच्या, पाठीवरचा जुना डाग तापवून दोन तारा सोडवाव्यात आणि नव्या तिथेच डागाव्यात, एवढेच ते. परंतु त्यात नवख्याला नडणाऱ्या खोचा पुष्कळ. जॅझ बासचे गळ्याकडील पिकअप घोडीकडल्यापेक्षा सामान्यतः दोनएक मिलिमीटरने आखूड असते, म्हणून अदलाबदल झाली की लांब पिकअप खोबणीत शिरत नाही. दोन पिकअपे दोन निरनिराळ्या कारखान्यांची असली की त्यांच्या तारांची दिशा जुळेलच असे नाही, आणि न जुळल्यास दोन्ही एकदम उघडताच खर्ज नाहीसा होऊन आवाज पोकळ होतो. उपाय म्हणून एकाच्या दोन तारांची जागा आपसांत बदलावी लागते. फेंडरच्या जुन्या घडणीला २५० किलोओहमचे पॉट लागतात. ईएमजीच्या पिकअपात प्रवर्धक आतच बसवलेला असल्याने त्याला २५ किलोओहमचे चालतात, ९ व्होल्टची बॅटरी लागते, आणि घोडीखालून येणारी जमिनीची तार मात्र जोडायची नसते.

उंचीचा हिशेब निराळाच. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिच्या व चुंबकाच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरांची फट ठेवावी, जाड तारेकडे थोडी अधिक. चुंबक फार जवळ आला की तो तारेलाच ओढू लागतो आणि वरच्या फ्रेटांवर स्वर डळमळतो. पिकअपाखालचा स्पंज त्याला वर रेटतो आणि स्क्रू खाली दाबतो. वर्षानुवर्षांनी तो स्पंज विरला की पिकअप खोबणीत खचते, आवाज मंदावतो, आणि मालक ते निकामी झाले असे समजून नव्याची मागणी नोंदवतो! धंद्याला असल्या गैरसमजाचा लाभ किती झाला असेल, याची गणती कोणत्याही दप्तरात सापडायची नाही.

गंमत अशी, की अधिक जोर आणि अधिक गर्जना यांची ग्वाही देत जो व्यापार उभा राहिला तो आज मोठ्या प्रमाणावर गतकाळच विकतो. डंकनची ‘अँटिक्विटी’ पिकअपे मुद्दाम जुनाट करून येतात, आणि खुद्द फेंडर कंपनी साठच्या दशकातील नमुन्याची पिकअपे सुटी विकते. म्हणजे त्या वेळची जी पिकअपे सत्तरच्या दशकात लोकांनी उपटून अडगळीत टाकली, त्यांच्याच प्रतिकृती आता दाम मोजून घेतल्या जातात, आणि अस्सल जुन्या वाद्यात मूळ पिकअप व मूळ डाग शाबूत नसतील तर संग्राहक किंमत पाडून मागतो. तेव्हा ज्याला पिकअप बदलायचे असेल त्याने आधी स्पंज तपासून उंची लावून पाहावी. तरीही मन मानत नसेल तर खुशाल बदलावे, मात्र जुन्याच्या तारा कात्रीने न तोडता डाग तापवून सोडवाव्यात, आणि ते पिकअप त्याच्या स्क्रूंसह कागदात बांधून, वर वाद्याचा अनुक्रमांक लिहून, जपून ठेवावे.