आणे पठार आणि हस्तरची भूक

मराठी मुलखातील जुन्या भुतांचा कारभार मोठा रीतसर असे; मुंजाला पिंपळ आणि वेताळाला गावकुसाबाहेरचा धोंडा नेमून दिलेला असून प्रत्येकाची काही फिर्याद असे, आणि नारळ-कोंबड्याच्या तडजोडीने ती बहुधा निकालात निघे. मनुष्याची कैफियत ऐकणारा कोणताच दरबार या विश्वात नाही, ही कल्पना मात्र परकी होती. अमेरिकेत भयकथाकार लव्हक्राफ्टने (१८९०–१९३७) तिला कथारूप दिले. मराठीत अमानुष, अपरिमित शक्तींचे भय रुजवले ते नारायण धारपांनी (१९२५–२००८).

वास्तविक या अपरिमिताचा दाखला जुन्नर तालुक्यात पायाखालीच मिळतो. कुकडीकाठच्या बोरी गावी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची राख नदीच्या गाळात थराने साठलेली आहे, आणि खोडद परिसरात पसरलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण दूरस्थ आकाशगंगांचे रेडिओतरंग टिपत असते.

मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या कथेचे बीज मनात धरून राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षे खपून केलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ‘ॲनायहिलेशन’ हा याच जातीचा विदेशी चित्रपट भारतात चित्रपटगृहे वगळून थेट नेटफ्लिक्सवर आला होता. ‘तुंबाड’ने पडद्यावर बेताचीच कमाई केली, पुढे प्राइम व्हिडिओवर त्याची कीर्ती पसरली, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या खेपेहून अधिक गर्दी झाली.

‘तुंबाड’चा नायक विनायक पिठाचे रिंगण आखून आत उभा राहतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, आणि भुकेला देव हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातील मोहरा ओढून घेतो. सोने मिळूनही अन्नाला मुकलेला, पूजेच्या हक्कापासून बेदखल झालेला हा देव लव्हक्राफ्टच्या उदासीन शक्तींहून वेगळा ठरतो. त्याच्यापाशी पुन्हा हिशेब आहे, आणि कर्जदार मनुष्याचा लोभ आहे.

चित्रपटातील तुंबाडवर अखंड पाऊस कोसळतो, जुन्नर तालुक्यातलेच आणे पठार मात्र पर्जन्यछायेत तहानलेले. तरी तिथे रंगदास स्वामींच्या यात्रेत मोठाल्या कढयांत आमटी रटरटते, आणि भाकरीसह ती येईल त्याला वाढली जाते. दुष्काळाने धान्याचे मोल शिकवलेल्या अशा गावच्या प्रेक्षकाला परग्रहावरील राक्षसापेक्षा पिठासाठी धावणारा देव अधिक भेडसावील, कारण ती भूक त्याच्या ओळखीची आहे.