खाणकामगारांचे तीन पेन्स आणि दवाखान्यातील संगणक



विलायतेतील सरकारी आरोग्यसेवेत संगणक कसा शिरला, हा इतिहास या मांडवात बसून आपण का ऐकावा, असे काहींच्या मनात येईल. आपल्याकडेही २०२१ पासून नागरिकांच्या आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा आकडी क्रमांक देणे देशभर सुरू झाले आहे. हाच रस्ता दुसरा एखादा देश आपल्या आधी चालून गेला असेल, तर त्याला ठेच कोठे लागली हे पाहून ठेवलेले बरे.

ती सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. (आपला कामगार राज्य विम्याचा कायदाही त्याच सालचा.) तिचे जनक अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावचे. वयाच्या तेराव्या वर्षी ते कोळशाच्या खाणीत उतरले. त्या गावच्या कामगारांनी पगारातल्या दर पौंडामागे तीन पेन्स वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. डॉक्टर नेमावा तो त्यांच्याच समितीने. मंत्री झाल्यावर बेव्हन यांनी हाच नमुना साऱ्या देशापुढे मांडला. पुढे जे सांगायचे आहे, त्यासाठी ही समिती ध्यानात ठेवा.

नोंदी अर्थातच कागदावर होत्या. लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या विमा कायद्यानंतर प्रत्येक रोग्याचे कागद एका लहानशा पाकिटात ठेवण्याची पद्धत पडली, आणि ही पाकिटे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मंत्री गेले, पक्ष मागे पडला, पाकिटे मात्र एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. रोग्याच्या क्रमांकाचीही अशीच गंमत आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा, १९३९ साली, प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र देण्यात आले होते. १९४८ मध्ये त्यावरचाच क्रमांक आरोग्यसेवेने उचलला. १९५२ त ओळखपत्रे रद्द झाली, तरी तो क्रमांक १९९० नंतरची काही वर्षे चालू राहिला. मग नवा दहा आकडी क्रमांक आला.

संगणक प्रथम रुजला तो फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात. यॉर्कशायरमध्ये एग्टन नावाचे खेडे आहे. तेथल्या पीटर सोवर्बी आणि डेव्हिड स्टेबल्स या दोन डॉक्टरांनी स्वतःच्या गरजेसाठी एक प्रणाली रचली. तिच्यातूनच पुढे देशातली एक मोठी कंपनी उभी राहिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यंत्रात काय असावे व काय नसावे, हे ठरविण्यासाठी डॉक्टरांची संघटना आणि त्यांचे रॉयल कॉलेज यांनी संयुक्त समिती नेमली, आणि सरकारशी बोलणी करून खर्चाचा वाटा मिळविला. आम्ही गिरणीच्या दारात याला वाटाघाटी म्हणतो. तिकडे सुटाबुटातल्या माणसांनी तेच केले. १९९६ पर्यंत शंभरातले शहाण्णव दवाखाने संगणकावर आले होते. इस्पितळांत मात्र त्या वेळी तसे काहीच झालेले नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ साली टोनी ब्लेअर यांच्या सरकारने इंग्लंडपुरती एक राष्ट्रीय योजना हाती घेतली. हेतू वाईट नव्हता. अपघातात सापडलेला माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात पोचला, तर तेथील डॉक्टरला त्याचे औषध, त्याची ॲलर्जी कळावी, हे कोणाला नको आहे? परंतु देशाचे पाच विभाग पाडले गेले, आणि सुमारे ६२० कोटी पौंडांची कंत्राटे मूठभर कंपन्यांना घाईघाईने वाटली गेली. खाटेजवळ नोंद करणारी परिचारिका, खिडकीशी बसलेला कारकून, शस्त्रक्रियेची यादी लावणारी बाई यांचे काम कसे चालते, हे कंत्राटावर सह्या होण्यापूर्वी नीट विचारले गेले नाही. प्रत्येक इस्पितळाची रीत निराळी असते. ती एका साच्यात बसेना. एप्रिल २००६ मध्ये संगणकशास्त्राच्या २३ प्राध्यापकांनी उघड पत्र लिहून त्रयस्थ तपासणी मागितली. त्याच वर्षी सरकारी हिशेबतपासनिसांनी एकूण खर्चाचा अंदाज १,२४० कोटींवर नेला. त्याच सप्टेंबरात दोन विभागांचे काम घेतलेल्या ॲक्सेंचरने अंग काढून घेतले. २००८ त फुजित्सूचे कंत्राट संपविण्यात आले, आणि त्याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. मे २०११ मध्ये हिशेबतपासनिसांनी निकाल दिला की, रोग्यांच्या नोंदींच्या प्रणालीवर तोवर गेलेल्या २७० कोटी पौंडांचा मोबदला पदरात पडलेला नाही. सप्टेंबरात सरकारने योजना मोडीत काढल्याचे जाहीर केले.

तथापि सारेच वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्ष-किरणांची चित्रे फिल्मऐवजी पडद्यावर पाहण्याची सोय याच योजनेतून २००७ अखेर इंग्लंडभर झाली, आणि ती टिकली. वरून लादलेले सगळेच फसते, हा आमच्या चळवळीतला आवडता सिद्धान्त येथे थोडा अडखळतो. मला त्याचे कारण असे दिसते की, फिल्म हरवते, शोधायला माणूस धावतो, रोगी ताटकळतो, हे दुखणे त्या खात्यातल्या प्रत्येकाने रोज सोसलेले होते. हुकूम वरून आला खरा, पण मागणी खालची होती.

यानंतर तरी विचारण्याची सवय लागावी! फॅमिली डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करून संशोधनासाठी व इतर कामांसाठी वापरण्याची नवी योजना निघाली. २०१४ च्या जानेवारीत घरोघर पत्रके टाकली गेली. जाहिरातींच्या कागदांत मिसळून आलेली ती पत्रके अनेकांनी पाहिलीच नाहीत. ज्याला मान्य नसेल त्याने तसे कळवावे, गप्प बसेल त्याची संमती धरली जाईल, असा तो व्यवहार होता. नोंद नेमकी कोणाच्या हाती जाणार, विमा कंपन्यांना मिळणार काय, याचे सरळ उत्तर लोकांना मिळेना. फॅमिली डॉक्टरांतूनही विरोध उठला. फेब्रुवारीत योजना थांबली, आणि जुलै २०१६ मध्ये कायमची बंद झाली. तोवर दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या डॉक्टरांकडे जाऊन, आमची नोंद बाहेर देऊ नये, असे नोंदवून ठेवले होते.