तरण्या पावसाचा तारा

पाटण-जावळीच्या खाचरांत चिखलणी चालू असते, तेव्हा सांगलीकडं जत-आटपाडीचा शेतकरी अजून ढगांची वाट बघत असतो. पाऊस दोघांच्या वाट्याला सारखा नाही, नाव मात्र सारखं: तरणा. सूर्य पुनर्वसू नक्षत्रात असतानाचा, साधारण ६ ते १९ जुलैचा हा पाऊस. पुढचा पुष्याचा, तो म्हातारा.

ही नावं आली कुठून? नेहमीचा खुलासा असा, की पुनर्वसूचा पाऊस दणकून कोसळतो आणि पुष्याचा दमानं पडतो. मला तो अपुरा वाटतो. घाटमाथ्यावर दोन्ही पंधरवडे झोडपून काढतात, माणदेशात दोन्ही कोरडे जाऊ शकतात.

मला धागा सापडला तो पाणिनीत. तिष्य, म्हणजे पुष्य, आणि पुनर्वसू यांच्या समासासाठी त्यानं स्वतंत्र सूत्र केलं आहे. तिष्य एक, पुनर्वसूचे तारे दोन. मिळून बहुवचन व्हायला हवं, पण पाणिनी द्विवचनच सांगतो. दोन नक्षत्रं जोडीनं उच्चारायची सवय इतकी जुनी! ही जोडी शेतकऱ्याला आयती मिळाली आणि त्यानं तिला वय दिलं, असा माझा कयास. यावर आक्षेप निघेल, की मघांचा पाऊस सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. तिथं कुठं पाणिनी आहे? आक्षेप वजनदार आहे. शेजारच्या नक्षत्रांना नात्यात बसवणं रानातलंच असेल. पण तिथं थोरली आधी येते, इथं धाकटा. इथं दोघांचं नातं नाही. एकच पाऊस वयानं वाढतो. जोडी एकजीव मानल्याशिवाय हे सुचणार नाही. पाणिनीपासून शिवारापर्यंतचे मधले दुवे हाती नाहीत, तरी मी या मतावर ठाम आहे.

आता खुद्द तारा. पुनर्वसूच्या दोघांतला ठळक तो पोलक्स, ३४ प्रकाशवर्षांवरचा. जुलैच्या मध्याला सूर्य त्याच्याजवळून जातो, त्यामुळं तरण्या पावसात तो कुणालाच दिसत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा राक्षसी तारा हाच. एके काळी पांढरा होता. गाभ्यातला हायड्रोजन संपला, तो सूर्याच्या नऊपट फुगला आणि नारिंगी झाला. म्हणजे म्हातारा? पण जन्मून झालेली वर्षं मोजली तर तो सूर्याच्या निम्म्या वयाचाही नाही. वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून इंधन भराभर जळालं. तरणा आणि म्हातारा ही दोन्ही विशेषणं या एकाच ताऱ्याला लागू पडतात, हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो.

त्याच्याभोवती गुरूच्या दुपटीहून जड ग्रह फिरतो, फेरी सुमारे ५९० दिवसांची. शंका १९९३ची, घोषणा २००६ची, थेस्टियास हे नाव २०१५चं. ग्रह कुणी पाहिलेला नाही. ताऱ्याच्या मागंपुढं हलण्यावरून तो ओळखला. २०२१मध्ये ताऱ्याच्या क्षीण चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासातून त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं सुमारे ६६० दिवसांचं निघालं. दोन आकडे इतके जवळ आल्यावर प्रश्न उठणारच: हलणं ग्रहामुळं, की पृष्ठभागावरच्या चुंबकीय घडामोडींमुळं? रोहिणीच्या ग्रहाचा दावा असल्याच शंकेत अडकला आहे. मी पोलक्सच्या ग्रहाच्या बाजूचा. २००६च्या शोधनिबंधात पंचवीस वर्षांची निरीक्षणं होती आणि हेलकावा तेवढा काळ त्याच तालात चालला होता. पृष्ठभागावरच्या घडामोडी इतका ताल धरतील, हे मला पटत नाही.