वाईट आणि दुष्ट : कुंकळ्ळी, १५८३

काशीमीरा ठाण्याच्या साष्टीत येते. त्याच नावाची दुसरी साष्टी गोव्यात आहे. दोन्हींवर पोर्तुगीजांचा अंमल होता. चांगले, वाईट आणि दुष्ट यांतील ख्रिस्ती भेद पारखण्यासाठी गोव्याच्या साष्टीतील कुंकळ्ळीकडे पाहावे.

जुलै १५८३ मध्ये तेथे रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले. त्याआधी पोर्तुगीज सैन्याने तेथील देवळे उद्ध्वस्त केली होती. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले.

संत ऑगस्टीनच्या मते दुष्टतेला स्वतंत्र अस्तित्व नाही. ती चांगल्याचा अभाव होय. थॉमस अक्वायनस अज्ञानाने, विकाराच्या भरात आणि जाणूनबुजून घडलेले पाप असा भेद करतो. तिसरे सर्वांत गंभीर. या मापाने निःशस्त्र पाद्र्यांचा वध, त्यामागचा संताप समजला तरी, वाईटच ठरतो. विश्वास देऊन केलेला घात मात्र दुष्ट ठरतो. आणि तो ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तेचा होता.

चर्चने १८९३ साली त्या पाच जणांना ‘धन्य’ घोषित केले. प्रमुखांचे स्मारकही आज कुंकळ्ळीत आहे. ‘आपला कोण’ यावरून दुष्टता ठरू लागली, की नीती संपते आणि केवळ पक्ष उरतो.