दोन नळांचा हिशेब

माजलगावकरांस जलवाहिनीचे माहात्म्य आम्ही काय सांगावे? सिंदफणेवरील आपले धरण १९८७ साली पुरे झाले. पण त्याची सारी भिस्त सिंदफणेवर नाही. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येऊन गोदावरीचे पाणी त्यात सोडतो. दोन जलाशय एकाच आराखड्यात बसविले, म्हणून हे साधले.

आज हायड्रोजनचे, म्हणजे जुन्या शालेय पुस्तकांतील उज्जवायूचे, नळ घालण्याच्या योजना जगभर आखल्या जात आहेत. हा वायू नळांतून नेणे आपल्या प्रांताला अगदीच नवे नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ च्या ऑक्टोबरात वायूचे दिवे लागले. बंद भट्टीत कोळसा तापवून काढलेल्या त्या वायूत सुमारे निम्मा भाग हायड्रोजनच असे. नळांनी उजेड शहरभर नेला. भट्टीचा धूर मात्र आकाशात गेला. त्या काळच्या योजकांनी एकच नळ आखला. दुसऱ्याची गरज कोणास भासली नाही, आणि ती चूक आज साऱ्या जगाला भोवते आहे.

तो दुसरा नळ कार्बन डायऑक्साइडचा. कारखान्यांत निघणारा हा वायू धरून, दाबून, जमिनीच्या पोटात किंवा उपयोगाच्या जागी न्यावयाचा. दोन्ही नळांचे स्वभाव निराळे. हायड्रोजनचा रेणू अतिसूक्ष्म. तो काही जातींच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. दुसऱ्या वायूत ओल राहिली तर आम्ल तयार होऊन पोलाद झिजते. म्हणून नळ निराळे हवेत, पण नकाशा एकच हवा. कारण हे दोन वायू एकत्र आणून मिथेनॉलसारखे इंधन करता येते.

येथे आपल्या उसाचा संबंध येतो. मळी आंबवताना जितके अल्कोहोल निघते, जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही बराच शुद्ध. पण हायड्रोजन पाण्यातून काढावयाचा, तर एका किलोस निदान नऊ लिटर पाणी लागते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या योजनेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजनचे आहे. हे पाणी कोणाच्या वाट्याचे?

कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असणाऱ्यास हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. नळ पुरले गेल्यावर विचारून उपयोग नाही. नकाशा आखला जात असतानाच तो विचारला पाहिजे, आणि तो आपणच विचारावयाचा आहे.